कोपीवरचा टीव्ही आणि ट्रॅक्टरची बॅटरी

१९८८ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. आमच्या वस्तीवर तेव्हा वीज नव्हती. तारा ओढ्यापर्यंत आल्या होत्या आणि ओढ्याच्या अलीकडे आम्ही सात घरं कंदिलावर. पण थोरल्या चुलत्यांनी तालुक्याहून चौदा इंची काळा-पांढरा टीव्ही आणलेला. त्याला मागच्या बाजूला बारा व्होल्टची सोय होती. रविवारी सकाळी ट्रॅक्टरची बॅटरी सोडून पडवीत आणायची, तिला दोन दातेरी चिमटे लावायचे, की ‘रामायण’ सुरू. सातही घरची माणसं अंगणात मावत नसत. आजी टीव्हीला हळदकुंकू वाहायची. संध्याकाळी पुन्हा तीच बॅटरी आणि हिंदी सिनेमा.

असे चार रविवार मजेत गेले. त्या दिवसांत ट्रॅक्टरला काम नव्हतं, तो गोठ्याशेजारी उभा होता. चौथ्या रविवारनंतरच्या सोमवारी दुपारी पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. शाळूची कणसं खळ्यावर आणि कडबा रानात पडलेला. चुलत्यांनी धावत जाऊन सेल्फ मारला, तर नुसतं कट्‌ कट्‌. काळ्या रानात ट्रॅक्टर ढकलून चालू होतो थोडाच! दोन बैलगाड्यांनी जेवढं आवरलं तेवढं आवरलं. बाकीची ज्वारी काळी पडली आणि कडब्याला वास सुटला. त्या वर्षी जनावरांना वैरण विकत घ्यावी लागली. चुलते टीव्हीला काही बोलले नाहीत, पण पुढे कितीतरी दिवस त्याच्याकडे पाठ करून जेवत.

पुढे मी वायरमनचं काम शिकलो तेव्हा त्या दिवसाचा हिशेब कागदावर मांडून पाहिला. त्या टीव्हीला साधारण तीस वॅट लागत, म्हणजे बारा व्होल्टच्या बॅटरीतून तासाला अडीच अँपिअर. सकाळ-संध्याकाळ मिळून चार तास धरले तर रविवारचे दहा. ऐंशीच्या बॅटरीतून दहा गेले तर काही बिघडत नाही. पण चार रविवारांचे चाळीस गेले आणि मधल्या काळात ट्रॅक्टर फिरलाच नाही, म्हणून एकही परत भरला गेला नाही. शिवाय बॅटरी तीन वर्षांची, दमलेली. म्हणजे ती एका सिनेमाने उतरली नव्हती, महिनाभर थोडी थोडी उतरत होती. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण टीव्ही अखेरपर्यंत छान दिसत होता. टीव्हीला तीस वॅट पुरतात. थंड इंजिन फिरवायला सेल्फला शेकडो अँपिअर लागतात. टीव्ही चालतोय म्हणजे बॅटरी ठीक आहे, हा समज तिथेच खोटा ठरतो.

आता हे जुनं उगाळायचं कारण असं. वस्त्यांवर वीज आली, पण विजेवाचून राहणारी बिऱ्हाडं संपलेली नाहीत. दिवाळीच्या सुमाराला बीड, जालना, अहिल्यानगर या भागांतून ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि चार-पाच महिने कारखान्याच्या आसपास कोप्या घालून राहतात. मेंढरामागे फिरणारे धनगर आहेत, वीटभट्टीवरचे लोक आहेत, आषाढी वारीत दिंडीबरोबरचे ट्रक आहेत. दिवसभर राबलेल्या माणसाला रात्री घटकाभर करमणूक हवी असेल तर त्यात वावगं काय? मोबाइल आता प्रत्येकाकडे आहे, पण त्या वीतभर पडद्यापाशी एक माणूस बसतो आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. टीव्ही असला की सगळी कोपी एकत्र बसते.

गेल्या हंगामात मी नात्यातल्या एका टोळीच्या तळावर चार दिवस राहिलो. तिथे ट्रॅक्टरच्या बॅटरीला इन्व्हर्टर लावून टीव्ही चालू होता. मला १९८८ आठवलं. विचारलं तर कळलं की महिन्यापूर्वी त्यांनाही तोच फटका बसला होता. पहाटे तीनला भरलेली ट्रॉली घेऊन निघायचं, तर ट्रॅक्टर चालू होईना. दुसऱ्याचा ट्रॅक्टर मिळून ओढून चालू करेपर्यंत उजाडलं. कारखान्यावरचा नंबर मागे गेला, गव्हाणीपाशी पोचायला दुसरी रात्र उजाडली आणि ऊस वाळून वजनात मार बसला तो वेगळाच. तरी टीव्ही बंद झाला नव्हता. पोरं ऐकत नाहीत, असं वहिनी म्हणाल्या.

मी म्हटलं, टीव्ही बंद करू नका, बॅटरी वेगळी करा.

सगळं त्या एका गोष्टीवर अवलंबून आहे. ट्रॅक्टरची बॅटरी सेल्फसाठी बनवलेली असते. तिच्या पट्ट्या पातळ, क्षणभर जोराचा प्रवाह देणाऱ्या. तिला रोज सावकाश रिकामं केलं की ती वर्षभरात बसते. घरच्या इन्व्हर्टरला जी ट्युब्युलर बॅटरी असते तिच्या पट्ट्या जाड, सावकाश देणाऱ्या आणि सावकाश घेणाऱ्या. टीव्हीचं काम तिचं. ती महाग पडते आणि जड असते हे खरं, पण ट्रॉलीतून न्यायची असल्याने वजनाची अडचण फारशी नाही.

किती मोठी घ्यायची याचा हिशेब चौथीतल्या पोरालाही जमेल. टीव्हीच्या पाठीवर वॅट लिहिलेले असतात. चोवीस इंची एलईडी टीव्हीला तीसच्या आसपास, बत्तीस इंचीला पन्नासपर्यंत. जुना पेटीसारखा एकवीस इंची रंगीत टीव्ही ऐंशी-शंभर खातो, तो तळावर नेऊच नका. छत्रीच्या बॉक्सला दहा धरा. चोवीस इंची टीव्ही आणि बॉक्स मिळून चाळीस वॅट. रोज तीन तास म्हणजे एकशेवीस. त्याला बाराने भागा, दहा अँपिअर-अवर आले. मधे इन्व्हर्टर असेल तर त्याच्या खाण्याचे दोन वाढवा.

मी हा हिशेब जमिनीवर काटकीने मांडत होतो, तर वहिनी म्हणाल्या, “भावजी, आधी चुलीपाशी दिवा मांडा, मग टीव्ही.” बरोबर होतं त्यांचं. त्या फडात जाण्याआधी पहाटे चारला उठून भाकरी थापतात. पाच वॅटचे दोन दिवे, चार तास, म्हणजे चाळीस. दोन मोबाइल भरायला आणखी चाळीस. सगळं मिळून दिवसाला दोनशे वॅट-तास आणि वाया जाणारं धरून वीस अँपिअर-अवरच्या जवळ. थोरलीची पुस्तकंही त्याच दिव्याखाली उघडतात, ते वेगळं.

शंभरची बॅटरी घेतली तर तिच्यातले पन्नासच आपले समजा. निम्म्याखाली वारंवार नेली की शिशाची बॅटरी लवकर मरते. म्हणजे भरलेली बॅटरी अडीच रात्री पुरेल. इन्व्हर्टर ओरडू लागला की बंद करू, असं म्हणू नका. बहुतेक इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टच्या आसपास बंद पडतात आणि तोवर बॅटरी पार रिकामी झालेली असते. एक स्वस्तातला व्होल्टमीटर बसवून घ्या. सगळं बंद करून थोड्या वेळाने पाहिलं तर भरलेली बॅटरी साडेबाराच्या वर, १२.६ किंवा १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी. तिथे सिनेमा अर्धा राहिला तरी थांबायचं.

ती भरायची कशी? ट्रॅक्टर रोज कारखान्यावर जातो-येतो, तेव्हा त्याच्या अल्टरनेटरवर दुसरी बॅटरीही भरून घेता येते. मात्र दोन्ही बॅटऱ्या कायमच्या जोडून ठेवल्या तर दोन्ही एकदमच उतरतील. इंजिन चालू असतानाच जोडणी व्हावी आणि बंद झालं की तुटावी, असा रिले गाड्यांचं वायरिंग करणाऱ्याकडून बसवून घ्यावा. हाताचं बटण चालतं, पण थकलेला माणूस रात्री बटण विसरतो.

मला विचाराल तर सौर पत्रा जास्त सोयीचा. ऊसतोडीचा हंगाम म्हणजे कोरडं, निरभ्र आभाळ. शंभर वॅटचा पत्रा स्वच्छ उन्हाच्या दिवसात तीनशे ते चारशे वॅट-तास देतो. आपली गरज दोनशेची, म्हणजे ढगाळ दिवसासाठीही थोडं उरतं. पत्रा दक्षिणेकडे तोंड करून, थंडीच्या दिवसांत तीसेक अंश तिरपा ठेवावा. बाभळीच्या एका फांदीची सावली पडली तरी पुष्कळ वीज घटते, निम्म्यावरही येते. धूळ आणि कारखान्याची काजळी सकाळी ओल्या फडक्याने पुसून काढावी. पत्रा आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. तो नसेल तर बॅटरी उकळते.

छोटा पेट्रोलचा जनरेटर यात्रेच्या तंबू-सिनेमाला शोभतो. चाळीस वॅटच्या टीव्हीसाठी तो चालवणं म्हणजे एका पेंढीसाठी ट्रॉली जोडणं. शिवाय त्याचा धूर विषारी असतो. कोपीत किंवा तिच्या तोंडाशी तो कधीही चालवू नये. आणि जवळच्या तारेवर आकडा टाकायची कल्पना कोणी काढली तर त्याला तिथेच अडवा. तो गुन्हा आहेच, पण त्याआधी त्याने माणसं मेली आहेत.

इन्व्हर्टरही टाळता येतो. छत्रीच्या बॉक्सचा अ‍ॅडॅप्टर पाहा, बहुतेकांवर बारा व्होल्ट लिहिलेलं असतं. काही लहान टीव्हीही बारा व्होल्टवर चालतात. अशी दोन्ही असतील तर बॅटरीचं बारा व्होल्ट आधी दोनशेतीस करायचं आणि अ‍ॅडॅप्टरने पुन्हा बारा करायचं, हा उलटा द्राविडी प्राणायाम कशाला? मात्र चार्जिंग चालू असताना बॅटरी चौदा व्होल्टच्या वर जाते, म्हणून मधे बारा व्होल्ट स्थिर ठेवणारा लहान रेग्युलेटर हवा. पिनेचा अधिक-उणे तपासूनच जोडा. उलटं लागलं तर बॉक्स क्षणात जातो. मी एक घालवला आहे.

छत्रीबद्दल एवढंच, की डीडी फ्री डिशला महिन्याचे पैसे पडत नाहीत आणि आपल्याकडून तिचा उपग्रह आग्नेय दिशेला बराच उंच असतो. तेवढी बाजू झाडांपासून मोकळी पाहून कोपीची जागा धरावी. पेनड्राइव्हवर सिनेमा असेल तर बॉक्सचे दहा वॅटही वाचतात.

आता जिवाची गोष्ट, आणि इथे वाचकहो, जरा सावकाश वाचा. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण कोपी असते वाळलेल्या पाचटाची. बॅटरीच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर शेकडो अँपिअर वाहतात आणि बारीक तार लालबुंद होते. काडी ओढायची गरजच नाही. म्हणून अधिकाच्या तारेला बॅटरीपासून वीतभर अंतरातच दहा अँपिअरचा फ्यूज टाका. इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावर लिहिलेल्या मापाचा. फ्यूज टीव्हीपाशी बसवून उपयोग नाही, मधली सगळी तार उघडी राहते. उडाला तर त्या जागी तांब्याची तार गुंडाळू नका. बॅटरी आणि इन्व्हर्टर कोपीच्या बाहेर, फळ्यांच्या हवेशीर खोक्यात ठेवा. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, तिथे विडी नको आणि आत पाहायला काडी तर मुळीच नको. आतलं पाणी तेजाबाचं आहे, रांगत्या लेकराचा हात तिथे पोचता कामा नये. इन्व्हर्टरमधून येणारी वीज घरच्यासारखीच दोनशेतीस व्होल्टची असते, ती झटका देते आणि मारतेही.

तारेची जाडीही पाहावी. बारा व्होल्टवर दहा मीटर लांब दीड चौरस मिलिमीटरची तार ओढली, तर चाळीस वॅटला जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच जातो आणि बॅटरी भरलेली असूनही टीव्ही मिचमिचतो. चारची तार घ्या, किंवा अंतर कमी करा.

लिथियमची बॅटरी घ्यावी का, असं तिथल्या एका पोराने विचारलं. वजनाला ती शिशाच्या निम्मीही नसते, शंभरातले ऐंशी बिनधास्त वापरता येतात आणि पाणी घालावं लागत नाही. पण किंमत आज जास्त पडते आणि चार्जर, कंट्रोलर तिच्या मापाचे लागतात. ज्याला उचल फेडायची आहे त्याने या वर्षी शिशाचीच घ्यावी, असं मी त्याला सांगितलं.

त्या टोळीने पुढच्या आठवड्यात वापरलेली पण चांगली ट्युब्युलर बॅटरी आणि नवा पत्रा आणला. नऊला टीव्ही बंद, हा नियम वहिनींनी घातला आणि व्होल्टमीटर पाहायचं काम थोरलीकडे दिलं. ती वहीत रोजचा आकडा लिहून ठेवते. मार्चअखेर पट्टा पडला, कोप्या मोडल्या, तेव्हा मी फोनवरून एवढंच सांगितलं की गावी पोचल्यावर बॅटरी पूर्ण भरा, डिस्टिल्ड पाणी पाहा, तारा सोडून ठेवा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा पत्र्यावर किंवा चार्जरवर लावा. रिकामी ठेवलेली बॅटरी दिवाळीला उघडाल तर उपयोगाची राहणार नाही. थोरली म्हणाली, “काका, वहीत लिहिलंय. शेवटचा आकडा बारा पूर्णांक सात आहे.”