जांघेतली पहिली गाठ

शिश्नाचा कर्करोग पसरू लागला की बहुधा आधी जांघेतल्या लसिकाग्रंथींत पोचतो. हाताला गाठ लागत नसली तरी सुमारे २० टक्के रुग्णांत तिथे कर्करोगाच्या सूक्ष्म पेशी असतात. मग सर्वांच्याच ग्रंथी काढायच्या का? तसे केल्यास जखम चिघळू शकते, पाय कायमचे सुजू शकतात; आणि बहुतेकांना हे विनाकारण सोसावे लागते.

लसिका सर्वांत आधी ज्या ग्रंथीत उतरते, तिला प्रहरी ग्रंथी म्हणतात. ही कल्पना रामोन काबान्यास यांनी १९७७ मध्ये याच कर्करोगासाठी मांडली. त्यांची पद्धत ग्रंथीची जागा ठरावीक धरी, म्हणून काही वेळा चुके. आता शिश्नावरच्या गाठीभोवती किरणोत्सारी टेक्नेशियम आणि निळा रंग टोचून प्रत्येक रुग्णाची ग्रंथी शोधतात. ती निर्दोष निघाली तर बाकीच्या राखता येतात, मात्र नियमित तपासणी चुकवायची नसते.

 पुरुषांनी संकोचापोटी व्रण लपवू नये: जांघेत मोठी गाठ हाताला लागू लागल्यावर प्रहरी ग्रंथीच्या या तपासणीचा उपयोग उरत नाही.