कूस बदलताना कळ येते तेव्हा

सहावा-सातवा महिना लागला की अनेक गरोदर स्त्रियांना एक वेगळंच दुखणं सुरू होतं. बसल्या जागी फारसं काही जाणवत नाही. पण अंथरुणात कूस बदलताना, एका पायावर उभं राहून सलवार चढवताना, एसटीची उंच पायरी चढताना जांघेत सणकन कळ येते. कधी ती मागे, माकडहाडाच्या वर एका बाजूला उठते. घरात सांगितलं तर उत्तर तयार असतं : ‘दिवस गेलेत, एवढं चालायचंच.’ साधारण पाच गरोदर स्त्रियांपैकी एकीला हा त्रास होतो, म्हणून तो अंगवळणी पडल्यासारखा वाटतो. पण त्यावर उपचार आहेत आणि ते जितके लवकर सुरू होतील तितकं बरं.

ओटीपोटाभोवतीचं हाडांचं कडं पुढे एका आणि मागे दोन सांध्यांनी जोडलेलं असतं. पुढच्या सांध्यातली फट एरवी ४-५ मिलिमीटर असते. गरोदरपणात ती आणखी २-३ मिलिमीटर वाढते. पूर्वी सगळा दोष रिलॅक्सिन या संप्रेरकाला दिला जाई. मात्र त्याचं रक्तातलं प्रमाण आणि वेदना यांचा मेळ अभ्यासांत नेहमी बसलेला नाही. सांध्यांची असमान हालचाल, स्नायूंवरचा बदललेला भार, जुनी कंबरदुखी, कष्टाचं काम यांचाही वाटा असतो. या दुखण्याने बाळाला अपाय होत नाही.

निदानाला सहसा एक्स-रे लागत नाही. फिजिओथेरपिस्ट उताणं झोपवून सरळ पाय उचलायला सांगतात. जड वाटणारा पाय कंबर दोन्ही बाजूंनी दाबून धरल्यावर सहज उचलला गेला, तर कमरेच्या आधारपट्ट्याचा उपयोग होण्याची शक्यता असते. पोट, पाठ, नितंब आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बळकट करणारे व्यायाम हा उपचाराचा गाभा. स्वीडनमध्ये ३८६ गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या उपचारांना असे व्यायाम किंवा अ‍ॅक्युपंक्चर यांची जोड दिल्यावर वेदना अधिक कमी झाली.

घरातल्या सवयी बदलल्या तरी बराच फरक पडतो. कपडे बसून घालावेत. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी, वळताना गुडघे जुळवून ठेवावेत. जिना एकेक पायरी, कमी दुखणारा पाय आधी टाकून चढावा. भरलेली कळशी एका कमरेवर घेऊ नये. ‘उकिडवं बसून फरशी पूस, बाळंतपण सोपं जाईल’ हा सल्ला मायेपोटी दिलेला असला, तरी हे दुखणं असलेल्या स्त्रीला त्याने त्रासच होतो. भारतीय पद्धतीच्या संडासावर ठेवायची खुर्ची मिळते. ती जरूर आणावी.

दुकानातून परस्पर गोळी आणणं मात्र धोक्याचं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्यांनी, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणं, ठरावीक अंतराने पोट कडक होणं, ताप, लघवीला जळजळ, पाय बधिर होणं किंवा लघवीवरचा ताबा जाणं, बाळाची हालचाल मंदावणं यांपैकी काहीही दिसलं तर थांबू नये, तडक दवाखाना गाठावा.

केवळ या दुखण्यासाठी सहसा सिझेरियन करावं लागत नाही. गुडघे किती फाकवले की दुखतं हे प्रसूतीआधीच सांगितलं, तर कुशीवर झोपून किंवा टेकून गुडघ्यांवर ओणवं होऊन बाळंतपण करता येतं. बाळंतपणानंतर बहुतेकींचं दुखणं काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतं. रेंगाळलं तर व्यायाम चालू ठेवावेत आणि पुन्हा तपासून घ्यावं.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तिथे वजन आणि रक्तदाबाबरोबर हेही सांगा : नेमकं कुठे दुखतं आणि काय करताना दुखतं. तिला सांगायला संकोच वाटत असेल तर सोबत आलेल्या सासूने, आईने, नवऱ्याने विषय काढावा. तिची वेदना कमी होणं हाही गरोदरपणातल्या काळजीचाच भाग आहे.