दोन दिवसांचे पाहुणे गुरुजी

‘कंडक्टर’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चोर्ला घाटातली बस येते आणि ‘पुढे सरका, पुढे सरका’ म्हणत तिकिटे फाडणारा माणूस! त्यामुळे डिचोलीच्या भाचीने फोनवर, ‘मावशी, आम्हाला दोन दिवस बाहेरचा कंडक्टर येणार आहे,’ असे सांगितले तेव्हा मीही क्षणभर गोंधळले. मग कळले, की हा कंडक्टर बसचा नव्हे, गाण्याचा. पाच शाळांमधून प्रत्येकी आठ मुले निवडून एक वृंदगानाचा संच केला होता आणि त्याला बसवायला पाहुणे संगीतकार येणार होते.

भाचीचे घर म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या घरासारखेच. सासरचे लोक मूळचे खानापूरकडचे, कामधंद्यासाठी डिचोलीत येऊन स्थिरावलेले. पोर आजीशी कन्नडमध्ये बोलते, आईशी मराठीत आणि मैत्रिणींशी कोंकणीत. गाण्याची आवड उपजत. पण तिने एक गोष्ट दोन वर्षे घरात कुणालाच सांगितली नव्हती. शाळेत तिला बजावलेले होते, ‘तुझा आवाज जाड आहे. मागच्या रांगेत उभी राहा आणि नुसते ओठ हलव.’ आणि ती बिचारी दोन वर्षे प्रत्येक स्नेहसंमेलनात नुसते ओठच हलवत होती!

ही पाहुण्या संचालकांची पद्धत मुळात पाश्चात्त्य. अमेरिकेत जोसेफ मॅडी या संगीत शिक्षकाने 1926 साली डेट्रॉइट येथे देशभरातील शाळकरी मुलांचा एक वाद्यवृंद जमवला. पुढे अशा निवडक मुलांच्या संचांची तिथे प्रथाच पडली. मुलांना गाणी आधी पाठवायची, त्यांनी आपापल्या शाळेत तयारी करायची, मग दोन-तीन दिवस एकत्र जमून नामवंत संचालकाच्या हाताखाली तालीम आणि शेवटी जाहीर कार्यक्रम. आपल्या मुंबईचे मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील, यांनी 1964 साली लॉस एंजेलिसला तरुण वादकांचा वाद्यवृंद उभारला आणि 1998 पर्यंत तो स्वतः घडवला.

गोव्याला हे अगदीच नवीन नाही. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादींत चर्चला जोडलेल्या शाळांमधून शेकडो वर्षे सोलफा आणि व्हायोलिन शिकवले गेले. तिथल्या गायनमास्तराला लोक ‘मेस्त’ म्हणत. हिंदी चित्रपटसंगीताला गोव्याने जे वादक पुरवले त्यांचे मूळ इथेच आहे. पणजीत आंतोनियो द फिगेरेदो यांनी 1952 मध्ये संगीताची अकादमी काढली, तीच पुढे कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचा पाया ठरली. डॉ. लुईस डायस हे पेशाने डॉक्टर. 2007 साली लंडनमध्ये दक्षिण आफ्रिकेतील सोवेटोच्या मुलांचा वाद्यवृंद ऐकून ते भारावले आणि गोव्यात परतून 2009 मध्ये त्यांनी ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’ सुरू केले. गरीब घरांतील मुलांना व्हायोलिन, चेलो आणि समूहगान शिकवणारी ही संस्था. तिथे परदेशी पाहुणे शिक्षकही येऊन शिकवून गेले आहेत. गोवा विद्यापीठात तर अँथनी गोन्साल्विस यांच्या नावाचे अध्यासन आहे. त्यावर आलेले अर्जेंटिनाचे सांतियागो लुसार्दी गिरेली यांनी विद्यापीठाचे गायकवृंद उभे केले. पाहुणा येतो आणि काहीतरी मागे ठेवून जातो, याचे हे चांगले उदाहरण.

पण पेडणे आणि डिचोलीची गोष्ट वेगळी. हे महाल पोर्तुगीजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. हरमल, मांद्रेकडे चर्चही आहेत. पण इथले संगीत मुख्यतः देवळात वाढले. भजन, आरतीचे घुमट, दशावतार, साखळीच्या विठ्ठलाच्या देवळातला चैत्रोत्सव. पेडण्यातील मालपे गावच्या अंजनीबाई मालपेकर याच मातीतल्या. 1958 साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. इथल्या बालभजनी मंडळातले पोर टाळ वाजवता वाजवता गाणे शिकते. समोर काठी हलवणारा कुणी नसतो. बुवा पेटीवर बसूनच मानेने, डोळ्यांनी सारे हाकतात. म्हणून या भागातल्या मुलांसमोर कुणी संचालक नुसता हात हवेत उचलून उभा राहिला, तर मुले एकमेकांच्या तोंडाकडेच पाहणार!

अशा मुलांना एकत्र गायला कसे शिकवावे, याचा धडा पेडण्याच्या शेजारीच आहे. संगीतकार वसंत देसाई 1912 साली कुडाळजवळच्या सोनवडे गावी जन्मले, दशावतार पाहत मोठे झाले. ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) आणि ‘गुड्डी’ (1971) या चित्रपटांतील त्यांच्या प्रार्थना आजही देशभर शाळाशाळांतून म्हटल्या जातात. चित्रपटांत एवढे नाव झालेला हा माणूस महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना समूहगान शिकवण्यासाठी झटला. ‘एक सूर एक ताल’ हे नाव त्यामुळेच जुन्या शिक्षकांच्या ओठांवर आहे. साधी चाल, ठसठशीत लय आणि सगळ्यांना झेपेल अशी पट्टी, हे त्यांच्या प्रार्थनांचे मर्म.

आमच्या भाचीला भेटलेल्या पाहुण्या गुरुजींनीही पट्टीपासूनच सुरुवात केली. पहिल्या दिवशी गाणे घेतलेच नाही. एकेका मुलाला जवळ बोलावले, खालच्या सापासून वरपर्यंत जाईल तिथवर गायला सांगितले आणि वहीत टिपून घेतले. शाळांनी गाणे काळी चारमध्ये बसवले होते. गुरुजींनी ते पांढरी चारवर उतरवले. ओरडून गाणाऱ्या मुलींचे गळे एकदम मोकळे झाले. मग चाळिसांचे तीन गट केले. खालच्या सुरांच्या गटासाठी भक्कम आवाज हवे होते. ‘तू इकडे ये, तुझा आवाज म्हणजे घराची जोती,’ असे म्हणून त्यांनी भाचीला मधोमध उभे केले.

तिने आईला मोबाइलवरून सांगितले ते एवढेच, ‘आई, आज मी गायले.’ बहिणीला काहीच कळेना. ‘मग इतके दिवस काय करत होतीस?’ असे तिने विचारले आणि दोन वर्षांचे सारे तेव्हा बाहेर आले.

कार्यक्रमाला मी घाट उतरून गेले होते. गाणे सुरेख झाले. पण खरा प्रश्न सोमवारी उभा राहिला. गुरुजी परत गेले आणि शाळेत पोर पुन्हा मागच्या रांगेत! बहीण तावातावाने शाळेत गेली. शिक्षिका शांतपणे म्हणाल्या, ‘बाई, वर्गात पन्नास मुले, पस्तीस मिनिटांचा तास. प्रत्येकाचा गळा मी कधी तपासू? त्या दोन दिवसांत मला दुसऱ्या कामाला लावले होते, नाहीतर मीही ऐकायला बसले असते.’ बहिणीचा राग तिथेच निवळला.

यातच सारे आले. पाहुण्याचे कान कोरे असतात. कोण हुशार, कोण ‘जाड आवाजाची’ हे त्याला आधी ठाऊक नसते, म्हणून तो नव्याने ऐकतो. पण तो राहतो दोन दिवस आणि मुले असतात वर्षभर शाळेच्या शिक्षकांकडे. अशा शिबिरात शिक्षकच बसलेले नसतील, तर ते शिबीर म्हणजे पाहुणचारच ठरेल. आपल्या मुलांच्या शाळेत असा उपक्रम होत असेल, तर पालकांनी एवढे जरूर विचारावे, आमच्या बाई तालमीला बसणार आहेत ना? प्रत्येक मुलाचा आवाज एकदा तरी वेगळा ऐकला जाणार आहे ना? आणि पट्टी कुणाच्या सोयीने ठरणार, पेटीच्या की मुलांच्या?

पुढच्या शिबिराला बाईंना मोकळीक द्यायची, असे शाळेने कबूल केले आहे. तोवर बाईंनी भाचीला मागच्या रांगेतून काढून खालच्या सुराला धरले आहे. आणि घरी? संध्याकाळी दिवा लागला की ती आजीजवळ बसते. आजी पुरंदरदासांचे पद धरते, नात तुकोबांचा अभंग. भीमसेन जोशींनी दासवाणी आणि अभंगवाणी दोन्ही एकाच गळ्यातून ऐकवल्या. आमच्या घरात दोन गळे आहेत, पट्टी मात्र एकच, पांढरी चार. आजीचाही आवाज जाडच आहे, हे आम्हाला आत्ता कळले!