बोटीच्या ट्रेलरला टायर निवडताना

म्हैसूर हे टायरचंच गाव. इथला विक्रांत टायर्सचा कारखाना १९९७ मध्ये जेके टायरकडे गेला. तरीही वरुणा तलावावर बोट नेणारे हौशी लोक ट्रेलरला कारचे जुने टायर बसवतात, तेव्हा जीव तुटतो. कारच्या टायरची बाजू मऊ असते, ती प्रवाशांच्या आरामासाठी. ट्रेलरला हवी ताठ बाजू, नाहीतर वळणावर बोट डुलते.

आधी वजन मोजा. समजा बोट ५०० किलो, ट्रेलर २५०, इंजिन १००, इंधन आणि सामान १००. एकूण ९५०, म्हणजे प्रत्येक चाकावर ४७५. टायरवरचा भारांक ८२ म्हणजे नेमके ४७५ किलो. हिशेब जमतो, पण शिल्लक काहीच नाही! भारांक ८६ घ्या, तो ५३० किलो पेलतो. छोट्या मालवाहू टेम्पोचा १४५ आर १२ एलटी, ८ पीआर टायर या मापात मिळतो. रिमचं माप मात्र आधी बघा.

मग तारीख. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे २३२१ असतील, तर टायर २०२१ च्या २३व्या आठवड्यातला. बोटीचे टायर झिजण्याआधी उन्हात उभे राहूनच तडकतात, म्हणून नक्षी शाबूत दिसली तरी फसू नका.

हवा टायर थंड असतानाच भरा. आणि घाटावर पोचताच चाक पाण्यात घालू नका: तापलेलं हब गार पडताना पाणी आत ओढतं आणि बेअरिंग गंजतं. थोडं थांबा, मगच उतरा.