निबंध मुलाचा, आवाज कुणाचा?

नवरात्र संपली की आपल्या बडोद्यातल्या काही मराठी घरांत आता वेगळीच धांदल सुरू होते. बारावीतल्या मुलांचे अमेरिकेतल्या कॉलेजांचे अर्ज! लवकरच्या फेरीची मुदत अनेक ठिकाणी १ नोव्हेंबरला संपते. ‘कॉमन ॲप’वरून अर्ज केला, तर त्यात ६५० शब्दांपर्यंतचा एक निबंध असतो. मुलं तो आमच्याकडे वाचायला आणतात. इंग्रजी बहुधा उत्तम असतं. आमची तक्रार आवाजाबद्दल असते.

शाळेत आपण निबंध शिकलो तो असा: आधी सुविचार, मग मुद्दे, शेवटी उपसंहार. चाळीस वह्यांत एकच निबंध, आणि लिहिणारा कुठेच नाही. इथे नेमकं उलट हवं असतं. गुण आणि बक्षिसं अर्जात दुसरीकडे असतातच. निबंधातून हे मूल कसं विचार करतं, कसं बोलतं, ते कळायला हवं.

एकीचा खर्डा ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे’ असा सुरू होत होता. तिला म्हटलं, कागद ठेव बाजूला, मराठीत सांग. मग कळलं, की आजोबांचा जुना रेडिओ तिने खोलला, परत जोडताना एक स्क्रू उरला, तरी रेडिओ वाजला! तो स्क्रू कुठला, याचा शोध ती अजून घेते आहे. निबंध तिथून सुरू झाला.

सूर सांभाळणं जरा अवघड. मित्राला मेसेज करतो तसा नको, मामलतदाराला अर्ज करतो तसाही नको. आवडत्या बाईंशी बोलतो, तसा असावा. ‘मी’ म्हणायला आपल्याकडे संकोच वाटतो, म्हणून मुलं ‘आम्ही’च्या आड लपतात. (हा लेखही ‘आम्ही’तच चालला आहे, ते असो.) तिथे मात्र स्वतः काय केलं ते सरळ लिहावं.

स्पष्टच सांगायचं तर, सगळ्यात जास्त नुकसान आपण मोठी माणसं करतो. बाबा ऑफिसातली वाक्यं घालतात, न्यू जर्सीचा मामा ‘प्लेथोरा’ घालतो, आणि सतरा वर्षांचं मूल पन्नाशीचं वाटू लागतं. स्पेलिंग, व्याकरण जरूर तपासा. शब्द त्याचेच राहू द्या. निबंध मोठ्याने वाचायला सांगा. मूल जिथे अडखळेल, ते वाक्य बहुधा दुसऱ्याचं असतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी मुलांनी खर्डे घेऊन यावं. पालकांसाठी चहा बाहेरच्या खोलीत ठेवला आहे.