लाल शैवालांचे जीवनचक्र : एका जातीची अनेक रूपे

पावसाळा सुरू झाला, की गोवा-कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर, भरतीच्या लाटा जेमतेम पोहोचतात त्या वरच्या पट्ट्यात, ‘पॉर्फिरा व्हिएतनामेन्सिस’ या नावाने अभ्यासल्या गेलेल्या लाल शैवालाचे जांभळट, कागदाहून पातळ पापुद्रे दिसू लागतात आणि पाऊस सरताच नाहीसे होतात. उरलेल्या महिन्यांत अशी शैवाले कोठे असतात, या प्रश्नाचे उत्तर मँचेस्टरच्या वनस्पतिशास्त्रज्ञ कॅथलीन ड्रू-बेकर यांनी १९४९ मध्ये दिले. पॉर्फिराच्या पापुद्र्यापासून मिळालेले बीजाणू, म्हणजे नवा जीव घडवू शकणाऱ्या सुट्या पेशी, शिंपल्यांवर रुजले आणि त्यांचे गुलाबी तंतू कवच पोखरून आत वाढले. तोवर हे तंतू ‘कॉन्कोसेलिस’ नावाचे वेगळेच शैवाल मानले जात होते.

पापुद्र्याच्या पेशींत गुणसूत्रांचा एकच संच असतो, तर फलनातून जन्मलेल्या तंतूंत दोन. तंतूंपासून सुटलेले बीजाणू रुजताना अर्धसूत्री विभाजनाने, म्हणजे संच निम्मा करणाऱ्या पेशीविभाजनाने, पुन्हा पापुद्रा घडतो. हे उलगडल्यावर जपानमधील नोरीची, म्हणजे खाण्यासाठी वाढवल्या जाणाऱ्या पॉर्फिराची, शेती दैवावर विसंबून राहिली नाही. शिंपल्यांत तंतू वाढवून त्यांचे बीजाणू जाळ्यांवर रुजवता येऊ लागले, आणि कृतज्ञ उत्पादकांनी १९६३ मध्ये उतो येथे ड्रू-बेकर यांचे स्मारक उभारले.

ग्रॅसिलेरियासारख्या, आगर हा जेलीसारखा पदार्थ देणाऱ्या लाल शैवालांत जीवनचक्राची ही वाट आणखी लांबते. लाल शैवालांच्या कोणत्याही पेशीला पोहण्यासाठी शेपटीसारखी कशाभिका नसल्याने नर पेशी पाण्याबरोबर वाहत जाऊन मादी पेशीच्या केसासारख्या टोकाला चिकटते. ग्रॅसिलेरियाच्या एका जातीत त्या नर पेशी लहान कवचधारी जीवांच्या अंगाला लागूनही मादीपर्यंत पोहोचतात, हे २०२२ मध्ये दाखवले गेले. फलित पेशी मादीच्याच अंगावर वाढून असंख्य बीजाणू निर्माण करते, त्यांपासून दोन संचांचे स्वतंत्र शैवाल घडते आणि त्याच्या चार-चारच्या गटांत सुटणाऱ्या बीजाणूंतून पुन्हा नर व मादी जन्मतात. एका फलनातून इतके बीजाणू मिळणे ही पोहता न येणाऱ्या नर पेशींच्या उणिवेची भरपाई असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

म्हणून लाल शैवालांचे रक्षण म्हणजे केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या पापुद्र्यांचे रक्षण नव्हे. बीजाणू सुटण्यापूर्वी सरसकट खरवड करू नये, आणि खडकांबरोबर किनाऱ्यावरचे शिंपलेही जपावेत, कारण त्या कवचांत पुढच्या पावसाळ्याचे पीक वाढत असू शकते.