'यांदी' म्हणजे तो की ती?

कितुबा ही काँगो नदीच्या खालच्या खोऱ्यातील श्रमिकांची भाषा. किकाँगो भाषेच्या मुळावर ती वाढली आणि हमाल, शिपाई, रेल्वेमजूर यांच्या तोंडून पसरली. काँगो-ओशन लोहमार्ग (१९२१-३४) फ्रेंचांनी सक्तीच्या श्रमातून बांधला. हजारो मजूर त्यात मेले. अशांच्या भाषेला साहेब 'मोडकी' म्हणणारच!

'यांदी मे क्विसा' हे साधे वाक्य घ्या. 'यांदी' म्हणजे तो किंवा ती, 'क्विसा' म्हणजे येणे, 'मे' ही क्रिया पुरी झाल्याची खूण. मी, तू, आम्ही, कर्ता कोणीही असो, क्रियापद जागचे हलत नाही. हेच वाक्य फ्रेंचमध्ये न्यायचे तर 'इल' (तो) की 'एल' (ती) हे आधी ठरवावे लागते. लिहिताना कृदंतालाही स्त्रीलिंगाचे अक्षर जोडावे लागते. मराठीचेही तेच: तो आला, ती आली. बोलणाऱ्याने जे सांगितलेच नाही, ते अनुवादकाने पदरचे घालायचे. मग उणी भाषा कोणती? माझ्या वर्गातील ज्या मुलांच्या बोलीवर 'अशुद्ध' म्हणून तांबडी रेघ पडत आली, त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

काँगो प्रजासत्ताकाच्या २०१५ च्या संविधानाने कितुबाला राष्ट्रीय संपर्कभाषा मानले. राजभाषा मात्र फ्रेंचच. नदीपलीकडच्या काँगोत तिला 'किकाँगो या लेता', म्हणजे सरकारची किकाँगो, असेही म्हणतात. हा 'लेता' फ्रेंचांचाच: 'एता' म्हणजे राज्यसंस्था, आणि पुढचा 'ल' हे फ्रेंच उपपद. लोकांनी सरकार उपपदासकट उचलले.